शरीर वस्तुमान निर्देशांक

शरीर वस्तुमान निर्देशांक हे प्रौढ व्यक्तीचे वजन तिच्या उंचीच्या मानाने किती आहे, हे एका संख्येत सांगणारे परिमाण आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. त्याचे एकक किलोग्रॅम प्रति चौरस मीटर असले, तरी व्यवहारात ते बहुधा लिहिले जात नाही. दवाखान्यांत, विम्याच्या अर्जांत आणि वर्तमानपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांत तो बीएमआय या आद्याक्षरांनीच अधिक परिचित आहे.

हा निर्देशांक शरीरातील चरबी मोजत नाही. चरबीचे प्रमाण साधारण किती असावे, याचा तो अप्रत्यक्ष अंदाज असतो. एका वजनकाट्यावर आणि एका मोजपट्टीवर भागत असल्यामुळे त्याचा प्रसार जगभर झाला. मात्र मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासासाठी उपयुक्त ठरलेले हे परिमाण एकेका व्यक्तीला लावताना मर्यादा पडतात. त्यातही भारतीय उपखंडातील लोकांच्या बाबतीत युरोप-अमेरिकेत ठरलेल्या सीमारेषा जशाच्या तशा लागू पडत नाहीत, हे गेल्या काही दशकांतील संशोधनातून पुढे आले आहे. या संशोधनाचा महत्त्वाचा भाग पुणे आणि मुंबई येथे झालेला आहे.

गणन

एखाद्या व्यक्तीचे वजन ६२ किलोग्रॅम आणि उंची १६५ सेंटिमीटर असल्यास प्रथम उंची मीटरमध्ये घ्यावी लागते, म्हणजे १.६५ मीटर. तिचा वर्ग २.७२२५ होतो. ६२ ला २.७२२५ ने भागले असता २२.८ हा निर्देशांक येतो. दशांशचिन्हानंतर एकच अंक ठेवण्याची पद्धत आहे. त्याहून अधिक अंकांना मोजमापाच्या अचूकतेचा आधार नसतो.

भारतात वजन किलोग्रॅममध्ये आणि उंची फूट-इंचांत सांगण्याची रीत असल्यामुळे रूपांतराची एक पायरी वाढते. एक फूट म्हणजे १२ इंच आणि एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. उंची ५ फूट ४ इंच असल्यास एकूण ६४ इंच, म्हणजे १६२.५६ सेंटिमीटर होतात. अशा व्यक्तीचे वजन ६८ किलोग्रॅम असेल, तर निर्देशांक २५.७ येतो. वजन पौंडांत आणि उंची इंचांत असेल, तर भागाकाराला ७०३ ने गुणावे लागते; अमेरिकेत हेच सूत्र रूढ आहे.

या रूपांतरात एक चूक वारंवार घडते. पाच फूट अकरा इंच ही उंची अनेकदा ‘५.११’ अशी लिहिली जाते आणि गणकयंत्रात ती दशांश अपूर्णांक म्हणून घातली जाते. दशांश पद्धतीने ५.११ फूट म्हणजे जेमतेम १५५.८ सेंटिमीटर, प्रत्यक्षात ५ फूट ११ इंच म्हणजे १८०.३ सेंटिमीटर. ७५ किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा खरा निर्देशांक २३.१ असताना या चुकीमुळे तो ३०.९ असा निघतो. उंचीचा वर्ग घेतला जात असल्याने उंचीतील चूक वजनातील चुकीपेक्षा अधिक भोवते. ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीची उंची १६० सेंटिमीटर धरली तर निर्देशांक २३.४ येतो, १६२ धरली तर २२.९. केवळ दोन सेंटिमीटरच्या फरकाने ती भारतीय मापदंडानुसार एका गटातून दुसऱ्या गटात जाते.

म्हणून उंची विचारून लिहिण्यापेक्षा मोजून लिहिणे आवश्यक मानले जाते. पादत्राणे काढून, टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला किंवा उंचीमापकाच्या खांबाला टेकवून, नजर समोर ठेवून उंची घेतात. अंबाडा किंवा डोक्यावरील इतर काही आड येत असल्यास ते सोडवावे लागते. मणक्यांमधील चकत्या दिवसभरात दबत असल्यामुळे सकाळची उंची संध्याकाळच्या उंचीपेक्षा किंचित जास्त भरते. वजनकाटा सपाट, कठीण पृष्ठभागावर असावा लागतो आणि अंगावर शक्य तितके हलके कपडे असावे लागतात.

सूत्र उलट दिशेनेही वापरता येते. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी उंचीचा वर्ग २.५६ आहे. त्याला १८.५ ने गुणल्यास ४७.४ आणि २३ ने गुणल्यास ५८.९ किलोग्रॅम येतात. म्हणजे या उंचीला सर्वसाधारण मानल्या जाणाऱ्या वजनाचा पट्टा सुमारे साडेअकरा किलोग्रॅम रुंद आहे. ‘उंचीइतके सेंटिमीटर वजा शंभर’ या प्रचलित ठोकताळ्याने मिळणारे एकच एक आदर्श वजन आणि हा पट्टा यांत मोठा फरक आहे.

उंचीचा वर्ग का घेतात

वस्तू सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठी केली, तर तिचे घनफळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. माणसेही याच न्यायाने लहान-मोठी असती, तर वजनाला उंचीच्या घनाने भागणे योग्य ठरले असते. उंच माणसे मात्र ठेंगण्या माणसांच्या हुबेहूब मोठ्या प्रतिकृती नसतात. उंचीच्या मानाने ती अरुंद असतात. प्रौढांच्या मोठ्या समूहांत वजन उंचीच्या साधारण दुसऱ्या घाताच्या प्रमाणात बदलते, असे मोजमापांतून दिसते. वर्गाची निवड अशी निरीक्षणावर आधारलेली आहे. तिच्यामागे शरीरशास्त्राचा कोणताही मूलभूत नियम नाही.

याचा परिणाम टोकाच्या उंचींवर जाणवतो. १५० सेंटिमीटर उंचीच्या, ४५ किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीचा निर्देशांक २० आहे. अगदी त्याच ठेवणीचा माणूस १८० सेंटिमीटर उंच असेल, तर घनाच्या न्यायाने त्याचे वजन ७७.८ किलोग्रॅम भरेल आणि निर्देशांक २४ येईल. ठेवण तीच राहूनही आकडा चारने वाढतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातील गणितज्ञ निक ट्रेफेथन यांनी इ.स. २०१३ मध्ये वर्गाऐवजी अडीचावा घात घ्यावा आणि भागाकाराला १.३ ने गुणावे, असे सुचवले. या सूत्राने ठेंगण्या व्यक्तींचा निर्देशांक थोडा वाढतो आणि उंच व्यक्तींचा थोडा उतरतो. १६९ सेंटिमीटर उंचीला दोन्ही सूत्रे एकच उत्तर देतात. जुन्या सूत्राची जागा मात्र ते घेऊ शकलेले नाही. दशकानुदशके साठलेली आकडेवारी जुन्या सूत्रात असताना केवळ गणिती सुबकतेसाठी ती मोडीत काढण्यास वैद्यकक्षेत्र फारसे उत्सुक नसते.

इतिहास

या सूत्राचा उगम वैद्यकात नाही. बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले (१७९६–१८७४) यांनी ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांतील त्रुटींसाठी वापरले जाणारे गणित मानवी समाजाला लावण्याचा प्रयत्न केला. जन्म, मृत्यू, गुन्हे, विवाह आणि शरीराची मापे या सर्वांच्या सरासऱ्या काढून ‘सरासरी माणूस’ ही कल्पना त्यांनी मांडली. १८३० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याचे निरीक्षण आढळते. वाढीच्या वयात हे नाते वेगळे असून वजनाचा वर्ग उंचीच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतो, असेही त्यांनी नोंदवले होते; ट्रेफेथन यांचा अडीचावा घात तो हाच. कोणी लठ्ठ आहे की नाही हे ठरवणे हा केतले यांचा हेतू नव्हता. समूहातील विविधतेला एखादा नियम आहे काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

वजनाचा आरोग्याशी संबंध जोडण्याचे काम पुढे विमा व्यवसायाने केले. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या आयुर्विमा कंपनीने विमाधारकांच्या मृत्यूंच्या नोंदींवरून उंचीनिहाय इष्ट वजनांची कोष्टके तयार केली. १९४० च्या दशकातील कोष्टकांमध्ये लहान, मध्यम आणि मोठी अशी शरीराच्या चणीची विभागणी होती, परंतु चण कशी ठरवायची याची नेमकी व्याख्या नव्हती. शिवाय विमा घेणारा वर्ग हा बहुतांशी गोऱ्या, सुस्थितीतील अमेरिकनांचा होता. तरीही ही कोष्टके कित्येक दशके डॉक्टरांच्या भिंतींवर टांगलेली होती.

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका या देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे तपासून वजन-उंचीच्या वेगवेगळ्या गुणोत्तरांची तुलना केली. त्वचेच्या घडीची जाडी आणि शरीराची घनता यांवरून अंदाजलेल्या चरबीशी कोणते गुणोत्तर अधिक जुळते आणि कोणते उंचीपासून अधिक स्वतंत्र राहते, हे त्यांनी पाहिले. केतले यांचे गुणोत्तर इतरांपेक्षा निदान वाईट तरी नाही, असा त्यांचा जपून काढलेला निष्कर्ष होता. ‘शरीर वस्तुमान निर्देशांक’ हे नाव या लेखाने रूढ केले. या अभ्यासात एकही स्त्री नव्हती, ही गोष्ट निर्देशांकाच्या पुढील सार्वत्रिक वापरात सहसा विस्मृतीत गेली.

सीमारेषा

निर्देशांकाचे गणित निश्चित आहे. कोणत्या आकड्याला काय म्हणावे हे मात्र माणसांनी ठरवलेले आहे आणि ते बदलतही गेले आहे. अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ ही अतिरिक्त वजनाची सीमा होती. त्या वर्षी ती दोघांसाठीही २५ वर आणण्यात आली आणि एक किलोग्रॅमही वजन न वाढता कोट्यवधी अमेरिकन नागरिक अतिरिक्त वजनाच्या गटात गेले. जागतिक आरोग्य संघटनेने याच दशकात २५ आणि ३० या सीमा स्वीकारल्या होत्या.

खालच्या बाजूची १८.५ ही सीमा वेगळ्या वाटेने आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोषणतज्ज्ञांनी गरीब देशांतील प्रौढांची दीर्घकालीन ऊर्जान्यूनता मोजण्यासाठी १८.५, १७ आणि १६ अशा तीन पायऱ्या सुचवल्या. १६ पेक्षा कमी निर्देशांक हे तीव्र कृशतेचे लक्षण मानले जाते. एका टोकाला भूक आणि दुसऱ्या टोकाला अतिपोषण, असे दोन निराळे प्रश्न पुढे एकाच मोजपट्टीवर आले.

सिंगापूर येथे २००२ मध्ये भरलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ बैठकीत आशियाई लोकसमूहांसाठी वेगळ्या सीमा असाव्यात काय, याचा विचार झाला. एकाच निर्देशांकाला आशियाई लोकांच्या शरीरात युरोपीय लोकांपेक्षा चरबीचे प्रमाण सहसा अधिक असते, हे मान्य झाले. पण आशियाई समूहांमध्ये आपापसांतही इतका फरक आढळला की सर्वांना लागू पडेल अशी एकच रेषा ओढता आली नाही. त्यामुळे मूळ सीमा कायम ठेवून २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ हे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने दखल घेण्याचे अतिरिक्त टप्पे सुचवण्यात आले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मतैक्य-निवेदनात याहून पुढचे पाऊल टाकून भारतीयांसाठी स्वतंत्र गट निश्चित केले.

| गट | जागतिक आरोग्य संघटना | भारतीय मतैक्य (२००९) |
|---|---|---|
| कमी वजन | १८.५ पेक्षा कमी | १८.० पेक्षा कमी |
| सर्वसाधारण | १८.५ ते २४.९ | १८.० ते २२.९ |
| अतिरिक्त वजन | २५.० ते २९.९ | २३.० ते २४.९ |
| स्थूलता | ३०.० आणि अधिक | २५.० आणि अधिक |

वर उदाहरणादाखल घेतलेली २५.७ निर्देशांकाची व्यक्ती पहिल्या स्तंभानुसार केवळ अतिरिक्त वजनाची, तर दुसऱ्या स्तंभानुसार स्थूल ठरते. बातम्यांमधील टक्केवारीची तुलना करताना कोणता स्तंभ वापरला आहे हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालांतील ठळक आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या सीमांवर आधारलेले असतात. अनेक भारतीय डॉक्टर मात्र २३ आणि २५ या सीमा वापरतात. वजन घटवण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचा विचारही भारतीय मतैक्यात ३७.५ पासून, आणि मधुमेहासारखे सहव्याधी असल्यास ३२.५ पासून करावा, असे म्हटले आहे.

भारतीय शरीररचना आणि निर्देशांक

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये दोन संशोधकांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन हे त्यात शेजारी उभे होते. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. क्ष-किरणांवर आधारित डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के आढळले. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून ‘वाय-वाय विरोधाभास’ या नावाने हे उदाहरण वैद्यकीय शिक्षणात प्रसिद्ध झाले. दोन व्यक्तींची तुलना हा पुरावा नव्हे, पण मोठ्या अभ्यासांतून जे दिसत होते ते या एका चित्राने सर्वांना समजेल असे मांडले.

ते मोठे अभ्यासही बऱ्याच अंशी पुण्याचेच आहेत. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये माता-पोषणाचा एक दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यात गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांची मापे घेतली गेली आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा ठेवला गेला. या गावांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम. वजनातील ही तूट शरीराच्या सर्व भागांत सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते; त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी झालेली नव्हती. दिसायला कृश परंतु रचनेने मेदयुक्त अशा या ठेवणीचे वर्णन ‘कृश-मेदयुक्त’ भारतीय बालक असे केले जाते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुपोषणाची छाप गर्भावस्थेतच उमटते आणि पुढे अन्नाची चणचण संपली की अशा शरीरात मधुमेहाची शक्यता वाढते, असे या संशोधनातून सुचवले गेले आहे.

यामागची शरीरक्रिया थोडक्यात अशी आहे. त्वचेखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी साठा असतो. पोटातील अवयवांभोवती आणि यकृतात साठणाऱ्या चरबीमुळे मात्र मेदाम्ले यकृताकडे अधिक प्रमाणात जातात आणि इन्सुलिनची परिणामकारकता घटते. रक्तातील साखर शोषून घेणारे मुख्य ऊतक स्नायूंचे असल्यामुळे स्नायू कमी असणे हा त्यात आणखी एक तोटा ठरतो. हातपाय बारीक आणि पोट पुढे आलेले, अशी ठेवण भारतीय मध्यमवर्गात परिचित आहे. अशा माणसाचा निर्देशांक २२ किंवा २३ असू शकतो आणि तरीही त्याची साखर वाढलेली असू शकते. ‘वजन तर बरोबर आहे’ या समजुतीने तपासणी लांबणीवर टाकणे अशा वेळी महागात पडते.

कमी निर्देशांकाचा प्रश्न

सीमारेषा खाली आणण्याच्या चर्चेत मोजपट्टीचे दुसरे टोक दुर्लक्षित राहण्याचा धोका आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष यांचा निर्देशांक १८.५ पेक्षा कमी आढळला. त्याच वेळी २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष २५ किंवा त्याहून वरच्या गटात होते. महाराष्ट्रातही सुमारे एकपंचमांश स्त्रिया कृश गटात आहेत. १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी १८.५ म्हणजे ४२.७ किलोग्रॅम, आणि १६ म्हणजे अवघे ३७ किलोग्रॅम. या आकडेवारीतून गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया वगळलेल्या असतात.

मुंबईत १९९० च्या दशकात मतदारयाद्यांच्या आधारे घरोघरी जाऊन ३५ वर्षे व त्यावरील सुमारे १ लाख ४८ हजार रहिवाशांची वजन-उंची घेण्यात आली आणि काही वर्षांनी त्यांचा पुन्हा शोध घेतला गेला. मृत्यूचा धोका सर्वाधिक आढळला तो स्थूल नव्हे, तर १६ पेक्षा कमी निर्देशांकाच्या अतिकृश व्यक्तींमध्ये. क्षयरोगाने होणाऱ्या मृत्यूंचा त्यात ठळक वाटा होता. आशियातील अकरा लाखांहून अधिक लोकांच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणातही भारत व बांगलादेशातील गटांमध्ये २० किंवा त्याहून कमी निर्देशांकाला मृत्यूचा धोका वाढलेला दिसला, उच्च निर्देशांकाला मात्र तशी वाढ दिसली नाही. आजार आधी आणि कृशता नंतर, अशीही शक्यता अशा अभ्यासांत असते, त्यामुळे यावरून स्थूलता निर्धोक आहे असा अर्थ काढता येत नाही.

क्षयरोग आणि कृशता यांचे नाते दुहेरी आहे: कमी पोषणामुळे रोग होण्याची शक्यता वाढते आणि रोगामुळे वजन आणखी घटते. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेशन्स या अभ्यासात दर पाच रुग्णांपैकी चारांहून अधिक जणांचा निर्देशांक उपचाराच्या प्रारंभी १८.५ च्या खाली होता. रुग्णांच्या कुटुंबीयांना पुरवलेल्या अतिरिक्त शिध्यामुळे त्यांच्यातील क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी वाढलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळला. येथे निर्देशांक हा निदानापेक्षा उपचाराची दिशा दाखवणारा आकडा ठरतो.

मुलांमधील वापर

मुलांसाठी सूत्र तेच असले, तरी प्रौढांच्या सीमा वापरता येत नाहीत. निर्देशांक जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात चढतो, मग पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि त्यानंतर पुन्हा चढू लागतो. सहा वर्षांच्या निरोगी मुलाचा निर्देशांक १५ च्या आसपास असतो. प्रौढ माणसात तोच आकडा तीव्र कृशतेचा ठरेल. म्हणून मुलाची तुलना त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या मुलांच्या वक्राशी करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ ते १९ वर्षांसाठीच्या २००७ च्या संदर्भकोष्टकांत मध्यकापेक्षा एक प्रमाण विचलनाहून वर असल्यास अतिरिक्त वजन, दोनाहून वर असल्यास स्थूलता आणि दोनाहून खाली असल्यास कृशता मानली जाते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये भारतीय मुलांसाठी स्वतंत्र वक्र प्रसिद्ध केले. त्यांत प्रौढ वयातील २३ आणि २७ या आकड्यांशी जुळणाऱ्या रेषा दाखवल्या आहेत.

मर्यादा

निर्देशांकाला वजनाचा घटक कळत नाही. कुस्तीगीर, भारोत्तोलक किंवा अंगमेहनतीचे काम करणारा तरुण यांचा निर्देशांक स्नायूंमुळे २७-२८ येऊ शकतो. याउलट वृद्धापकाळात स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी घेते आणि निर्देशांक तेवढाच राहतो. वयानुसार मणके दबल्याने किंवा पोक आल्याने उंची घटते, आणि वजन तसेच असूनही निर्देशांक फुगतो. अशा व्यक्तींमध्ये हातांच्या पसाऱ्यावरून किंवा गुडघ्याच्या उंचीवरून मूळ उंचीचा अंदाज घेतात. जलोदर, मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारांतील सूज, गर्भावस्था आणि अवयवच्छेदन यांमध्ये हा आकडा दिशाभूल करणारा ठरतो. एकाच निर्देशांकाला स्त्रियांच्या शरीरात पुरुषांपेक्षा चरबीचे प्रमाण अधिक असते, तरी सीमा मात्र दोघांसाठी समान आहेत.

समूहाच्या पातळीवर यांपैकी बरेच दोष परस्परांना झाकतात. लाखभर माणसांमध्ये मल्ल थोडे असतात. त्यामुळे सरासरी निर्देशांक वाढला तर चरबीच वाढली, असे मानण्यास हरकत नसते. एका माणसाच्या बाबतीत तसे मानता येत नाही.

कमरेचा घेर आणि इतर मापे

निर्देशांकाची उणीव भरून काढणारे सर्वांत स्वस्त माप म्हणजे कमरेचा घेर. शेवटची बरगडी आणि कटीच्या हाडाचा वरचा कडा यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, पट्टी न आवळता तो मोजतात. भारतीय मतैक्यानुसार पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घेर हे पोटाच्या स्थूलतेचे लक्षण आहे. अमेरिकेत हेच आकडे १०२ आणि ८८ असे वापरले जातात. पँटचा नंबर म्हणजे हा घेर नव्हे. पोट सुटलेले पुरुष पँट पोटाच्या खाली नेसत असल्यामुळे तो नंबर वर्षानुवर्षे तोच राहू शकतो. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा आणखी सोपा निकष असून त्यासाठी कोष्टकाचीही गरज पडत नाही. दोरीने उंची मोजून तीच दोरी दुमडून कमरेभोवती लावली तरी काम भागते.

डेक्सा तपासणी चरबीचे प्रमाण अधिक थेट सांगते, पण ती खर्चीक असून मोठ्या शहरांपुरती मर्यादित आहे. व्यायामशाळांतील विद्युत्‌रोधावर चालणारे काटे शरीरातील पाण्याच्या प्रमाणानुसार वेगवेगळे आकडे दाखवतात. ‘द लॅन्सेट’ समूहाच्या एका आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये सुचवले की, केवळ निर्देशांकावरून स्थूलतेचे निदान करू नये. कमरेच्या घेरासारख्या मापाने किंवा चरबीच्या थेट मोजणीने त्याची खातरजमा करावी आणि अवयवांच्या कार्यावर परिणाम झाला आहे की नाही यानुसार स्थूलतेचे दोन प्रकार मानावेत. निर्देशांक ४० च्या वर असल्यास अशा पडताळणीची गरज नाही, असे या आयोगाने म्हटले आहे.